एकाच ताग्यातली दोन पातळं

नांदुरा
५ फेब्रुवारी २०२५

दीपमाला,

झुंबरबाईनं परवानगी दिली म्हणून लिहिते आहे. नाहीतर तुला पत्र लिहायची माझी मुळीच इच्छा नव्हती, हे आधीच सांगून टाकते. फोन केला असता, पण फोनवर तू मला मध्येच तोडलं असतंस. कागद फार तर फाडता येतो, आणि फाडण्याआधी तू तो वाचणार. तुझा स्वभाव मी हॉस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं सोसलेला आहे.

झुंबरबाई कोण, ते तुला आठवणार नाही. वडनेर भोलजीला आपण सुभद्राबाईंचं म्हणणं लिहून घ्यायला जायचो. तिथे उंबऱ्याशी बसून आपल्याला पाणी देणारी ती धाकटी जाऊ. तिचं नाव आपण दोघींपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

आता तरी आठवतंय का? २००७ चा मे. वर्गातल्या सगळ्या पोरी उन्हाळ्याच्या इंटर्नशिपला मुंबईच्या गारेगार ऑफिसांत गेल्या आणि आपण दोघी इकडे, बुलढाण्याच्या उन्हात. बायकांच्या कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या शिबिरांबद्दल नागपूर खंडपीठात याचिका करायची होती. ती लढवणाऱ्या वकील मॅडमना गावोगाव फिरून बायांची शपथपत्रं तयार करणाऱ्या कायद्याच्या दोन विद्यार्थिनी हव्या होत्या. तू आलीस कारण तुला जग बदलायचं होतं. मी आले कारण नांदुऱ्यात माझे मामा होते आणि मामीच्या हातचा आमरस होता. बघ, मी तेव्हाही खरं बोलत होते.

शेगाव स्टेशनवर उतरल्या उतरल्या तू चार कचोऱ्या खाल्ल्यास आणि पुढचे दोन दिवस कुठलंही जग बदलण्याच्या अवस्थेत राहिली नाहीस. जमीला मामी तुला पुदिन्याचं पाणी पाजत होती आणि मला रागवत होती, "परदेसी लड़की को क्या क्या खिलाती तू." पुणं म्हणजे मामीला परदेशच. अजून विचारते बरं का, "वो पूनेवाली कैसी है?" मी म्हणते, मजेत आहे. मला काय ठाऊक?

मला तो उन्हाळा फार आठवतो. सकाळची पहिली एसटी, खिडकीच्या तापलेल्या पत्र्याला हात लागला की तुझं ते "आई गं", आणि हायवेवरच्या ट्रकांची धूळ खात वडनेरला पोचणं. ते घर तर जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. भाव वाढेल म्हणून ठेवलेला, आणि भाव काही वाढत नव्हता. बसायला दुसरी जागाच नसल्यामुळे आपण कापसावरच बसायचो. तुझ्या काळ्या पँटला चिकटलेला कापूस तू पार मामाच्या घरी येईपर्यंत वेचत असायचीस आणि नंतरही खाजवत असायचीस. त्या घरची सासू, गीताबाई, कोपऱ्यात वाती वळत असायची. बीटी बियाण्याच्या थैलीत साध्या कपाशीची एक लहान पुडी निघायची, बांधाच्या कडेनं लावा म्हणून. गावात ती कुणी लावायचं नाही. गीताबाई मात्र गावभरच्या पुड्या गोळा करून विहिरीजवळ लावायची. म्हणायची, "देवापुढं ह्या नव्या कापसाची वात नाही जमत मले."

तिथे नेमकं काय झालं ते तुला ठाऊक नाही. तुला वाटतं, ठाऊक आहे. उत्तर दे किंवा देऊ नकोस, मी लिहिणार आहे, कारण हे तुझ्यासाठी नाहीच, झुंबरबाईसाठी आहे.

सबीहा


नांदुरा
२ मार्च

दीपमाला,

तुझं उत्तर पोचलं. दोन ओळी. "इतक्या वर्षांनी हे उकरून काय मिळणार आहे? मला कामं आहेत." मलाही आहेत गं. दिल्लीत मोठ्या कोर्टात उभं राहतेस म्हणून तुलाच कामं, आणि नांदुऱ्याच्या कोर्टात आम्ही काय शेंगा फोडत बसतो? आज सकाळपासून दोन भावांच्या बांधाचं भांडण ऐकून कान किटले आहेत. तरी बसले लिहायला.

तुझी बाजू तुझ्यापेक्षा मीच नीट मांडते, म्हणजे मग मध्ये बोलायला जागा राहणार नाही.

सुभद्राबाई म्हणजे आपल्या याचिकेचा कणा होती. थोरली सून, उत्तमरावांची बायको. दोन मुलगे झालेले, म्हणून सासूनं खुशीनं ऑपरेशनला पाठवलेली. तालुक्यातल्या एका शाळेत शिबिर झालं, शाळेची बाकं जोडून टेबलं केली, आणि पुढल्याच वर्षी बाईला पुन्हा दिवस गेले. आपण भेटलो तेव्हा सातवा महिना होता. नवरा गावभर सरकारच्या नावानं शंख करत फिरत होता, पेपरात बातमी आली होती, आणि मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या की ही एक बाई नीट उभी राहिली तर बाकीच्यांच्या शपथपत्रांना वजन येईल. तू तीन वेळा तिचं म्हणणं लिहून काढलंस. अक्षर किती सुंदर होतं तुझं. त्या काळात मला त्याचा हेवा वाटायचा.

तुला तो दिवस आठवतो का, जेव्हा तू झुंबरबाईवर चिडलीस? तू विचारायचीस, भूल दिल्यावर कळत होतं का? सुभद्राबाई जावेकडे बघायची आणि उत्तर उंबऱ्याकडून यायचं. "हाव, कळे ना बाई. सगळं कळे. डॉक्टर चाय मांगे तेही ऐकू ये." तू विचारायचीस, कुठे झोपवलं? पुन्हा उंबऱ्याकडून, "खाली सतरंजीवर. बायांची लाईन होती नुसती. मले तर थंडी वाजे, म्हणजे हिले वाजे." शेवटी तू पेन खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "अहो, तुम्ही नका सांगू. ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांना बोलू द्या." झुंबरबाई उठली आणि तांब्या घेऊन आत गेली.

आपण दोघीही तेव्हा काही समजलो नाही. तू म्हणालीस, सोबत गेलेल्या बाईला सगळं स्वतःचंच वाटतं, साक्षीदार असे असतात. वाक्य मला आवडलं होतं, मी ते वहीत लिहूनही ठेवलं.

मग तो शेवटचा दिवस. नांदुऱ्याला नोटरीच्या टेबलासमोर सगळे जमलेले. उत्तमराव स्वच्छ धोतर नेसून आलेले. तू शपथपत्र वाचून दाखवलंस, शाईचं पॅड पुढे सरकवलंस, आणि सुभद्राबाईनं हात पदराखाली ओढून घेतला.

"मले नाही करायचं."

"का?" तू विचारलंस. उत्तमरावही गरजले, "काऊन नाही? काऊन नाही करायचं?"

"देवानं देलं. माही कोनावर तक्रार नाही." आणि ती रडायला लागली ती थांबेचना. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते, आणि तू माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या लक्षात आलं होतं की मला नवल वाटलेलं नाही.

बाहेर व्हरांड्यात तू बॅगेतून एक फोटो काढलास. पेपरवाल्याकडून आणलेला शिबिराचा फोटो. मंडपाच्या झालरीवर ठळक अक्षरांत मामांचं नाव होतं, मुजम्मिल मंडप डेकोरेशन, नांदुरा. तू म्हणालीस, "आता कळलं. सरकारी कामाचे मंडप मामाला मिळत राहायला पाहिजेत, नाही का? म्हणून बाईला फितवलंस. त्यांच्या घरी जेवत होते मी, शी." तुझे शब्द मी एका अक्षरानंही बदललेले नाहीत. इतकी वर्षं सांभाळून ठेवले आहेत.

एक वाक्य बोलले असते तर तू माझी माफी मागितली असतीस, आणि ते वाक्य बोलायची मला मुभा नव्हती. संध्याकाळच्या गाडीला तुला सोडायला मामाच आले. तुझी बॅग त्यांनीच उचलली, मामीनं बांधून दिलेल्या पुऱ्या खिडकीतून त्यांनीच आत दिल्या, आणि गाडी हलेपर्यंत हात हलवत उभे राहिले. त्यांना मी आजतागायत काही सांगितलेलं नाही. पुढचं वर्षभर कॉलेजात तू माझ्या बाकावरून उठून दुसरीकडे बसायचीस, आणि मी मनात म्हणायचे, बस, बस तिकडेच, पुणेकरीण कुठली. रडायचेही. दोन्ही खरं आहे.

सबीहा


नांदुरा
१६ मार्च

दीपमाला,

यावेळी तू उत्तर पाठवलं नाहीस. चालेल. आज मूळ गोष्ट सांगते.

नोटरीच्या आधीचा आठवडा आठव. मॅडमचा निरोप होता की शपथपत्रासोबत डॉक्टरचा दाखला लागेल, ऑपरेशनची खूण तपासून दिलेला. तू कागद फॅक्स करायला खामगावला गेलीस आणि सुभद्राबाईला तयार करायला मी एकटी वडनेरला गेले. दुपारची वेळ, घरात दोघी जावाच. पुरुष बियाण्याच्या थैल्यांसाठी दुकानापुढे रांगेत, सासू कुणाच्या तरी बारशाला. मी म्हटलं, उद्या डॉक्टरीणबाईकडे जायचंय, फक्त पोटावरची खूण दाखवायची.

सुभद्राबाईचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, लाजते आहे. मी म्हटलं, बाईच आहे डॉक्टर, मीही सोबत असेन, हवं तर आधी मलाच दाखवा. तशी ती कापसात तोंड खुपसून रडायला लागली.

झुंबरबाईनं दाराला आतून कडी घातली. माझ्यासमोर उभी राहिली, पातळ सरकवलं आणि म्हणाली, "हे पाह्य. तुमची खून अठी हाये."

बेंबीच्या खाली, बोटाएवढी. बाजूची कातडी ओढल्यासारखी, जखम चिघळून भरलेली होती ते माझ्यासारख्या अडाणी मुलीलाही कळत होतं. ऑपरेशन सुभद्राबाईचं झालंच नव्हतं, दीपमाला. झुंबरबाईचं झालं होतं, सुभद्राबाईच्या नावानं.

झुंबरबाईला दोन मुली. तिला आणखी मूल नको होतं, आणि घरात ते तोंडातून काढायची सोय नव्हती. नवरा शालिग्राम स्वभावानं वाईट नाही, पण मुलगा पाहिजे म्हणजे पाहिजे. "ह्याईले दरसाली नवं बियाणं पाह्यजे," ती मला म्हणाली, "जुन्याले फळ नाही आलं का नवी थैली. अन् माह्याकून दरसाली पोट. पोरगं होईस्तोवर. मी का वावर हाव का बाई?" सुभद्राबाईच्या ऑपरेशनला मात्र घरची हरकत नव्हती. सोबत म्हणून धाकटीनं जायचं ठरलं. आणि वाटेत, एसटीत, दोघींनी मिळून तो बेत केला.

त्यांना जमलं कसं, माहीत आहे? गीताबाई दर दिवाळीला दोन्ही सुनांना एकाच ताग्यातली पातळं घ्यायची. एकीला उजवं आणि एकीला डावं नको, म्हणून रंगही तोच, काठही तोच. शिबिरात नर्सबाई अनोळखी, बायांची ही गर्दी, सगळ्यांच्या डोक्यावर पदर. "सुभद्रा उत्तम" असं नाव पुकारलं आणि झुंबरबाई उठून आत गेली. सुभद्राबाई बाहेर मंडपात बसून राहिली, मामांच्या त्या मंडपात.

आणि घरी परत आल्यावर बिछान्यावर कोण पडणार? जिच्या नावानं ऑपरेशन झालं ती. सुभद्राबाईला घरच्यांनी खाटेवर झोपवलं, तुपाचा शिरा करून घातला, उठू दिलं नाही. आणि झुंबरबाई दुसऱ्या दिवशी सासूबरोबर कापूस वेचायला गेली. शेवटची वेचणी होती, मजूर मिळत नव्हते, नाही म्हणायला कारण नव्हतं. पोटाला टाके आणि कमरेला कापसाची ओटी. सुभद्राबाई म्हणाली, "मी तथी खाटीवर लोळून राह्यली अन् हे वावरात. शिरा गळ्याखाली उतरे ना मह्या. पदरात लपवून हिले देत जाओ." नवऱ्याला जखम दिसली तेव्हा झुंबरबाईनं सांगितलं, वावरात पऱ्हाटीचं धसकट घुसलं. त्याचा विश्वास बसला. कपाशीचं धसकट कुणालाही घुसतं.

आता त्यांचं भाबडेपण ऐक आणि हस हवं तर, मी तर त्या दोघींसमोर हसले होते आणि लगेच रडलेही होते. ठरलं असं होतं की पुढच्या हिवाळ्यातल्या शिबिराला धाकटीच्या नावानं थोरली जाईल. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही, हिशेब सरळ होईल. फक्त पुढचं शिबिर व्हायच्या आधीच थोरलीला दिवस गेले.

तू असतीस तर काय केलं असतंस, मला माहीत आहे. तू म्हणाली असतीस, मग झुंबरबाईचं शपथपत्र करू, ही तर आणखी मोठी केस आहे. खरंच होती. जखम चिघळली ती शिबिरातल्या हलगर्जीपणानंच, आणि जिला ती झाली तिला तक्रारही करता येत नव्हती, कारण कागदावर ती तिथे गेलेलीच नव्हती. पण तिचं नाव कोर्टात गेलं की त्याच संध्याकाळी वडनेरला पोचणार. तिला घराबाहेर काढलं असतं, शालिग्रामचं दुसरं लग्न लावलं असतं, आणि दोन मुलींचं काय झालं असतं देव जाणे. बायकांना आपल्या शरीराचा निर्णय घेता यावा म्हणून आपण ती याचिका करत होतो ना? इथे एका बाईनं तो घेतलेला होता. तो उघडा पाडून आपण तिची बाजू कशी घेणार होतो?

झुंबरबाई म्हणाली, "तुह्या मैत्रिणीले नको सांगू. ते चांगली हाये, पण ते कायद्यानं चालते. तू शब्द दे." मी दिला. आणि सुभद्राबाईला मीच शिकवलं की नोटरीसमोर एवढंच म्हणा, मला करायचं नाही, आणि कारण विचारलं तर रडा. तेवढं तिनं फारच चोख केलं, पाहिलंसच तू.

खोटं शपथपत्र कोर्टात जाऊ दिलं नाही आणि खरं गावात जाऊ दिलं नाही. त्यासाठी मैत्रीण गमावली. मला त्याचा पस्तावा नाही, दुःख मात्र आहे. फार आहे.

सबीहा


नांदुरा
२० एप्रिल

दीपे,

हे नाव आपसूक उतरलं, राहू देते.

तुझं पत्र आलं. मी घाबरतच उघडलं. मोठा कागद, आणि त्यावर एकच ओळ: "मग टाके कुणी काढले?" मी कोर्टातल्या बाररूममध्ये एकटीच मोठ्यानं हसले. सगळं सोडून उलटतपासणी! मग ती ओळ पुन्हा वाचली आणि माझ्या लक्षात आलं की तू त्या बाईच्या पोटाचा विचार करत होतीस. अक्षर अजून तसंच आहे.

तर टाके. नर्सबाई घरी आली टाके काढायला, सुभद्राबाईचे. गीताबाई ओसरीवर वाती वळत बसलेली. सुभद्राबाई म्हणाली, मला लाज वाटते, आत अंधारात काढा, आणि आधी आत जाऊन दाराआड उभी राहिली. त्याच रंगाचं पातळ नेसलेली झुंबरबाई आधीच कापसाच्या ढिगामागे तोंडावर पदर घेऊन झोपलेली होती. नर्सबाईनं टॉर्च लावली, जखम बघितली आणि ओरडली, "हे काय, ह्यात कापूस कसा गेला? आराम करायला सांगितला होता ना?" बाहेरून गीताबाई म्हणाली, "आरामच करून राह्यली ते. कापसाचं घर हाये बाई, कुठीबी जाते कापूस." टाके ओढताना झुंबरबाईनं मूठभर कापूस तोंडात कोंबला होता. हे मला तिनं परवा सांगितलं, हसत हसत.

आता पुढचं. सुभद्राबाईला मुलगाच झाला. हर्षल. बाराव्याला गीताबाईनंच तो उचलून झुंबरबाईच्या ओटीत घातला. म्हणाली, थोरलीला दोन आहेत, हा तुझा. कोर्ट नाही, कागद नाही. शालिग्रामला मुलगा मिळाला आणि झुंबरबाईला कुणी पुन्हा काही म्हटलं नाही. हर्षल दोघींनाही आई म्हणतो आणि जिच्या हातची भाजी आवडेल तिच्या ताटाशी बसतो. गीताबाई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. विहिरीजवळची ती साधी कपाशी अजून लावतात. मीही मागच्या वर्षी तिच्या वाती घेऊन आले, शेजारच्या काकूंना दिल्या.

इतकी वर्षं गप्प राहिलेली ही बाई आता का बोलली? तिच्या थोरल्या मुलीमुळे. मुलगी मलकापुरात दिलेली. तिलाही दोन मुली, आणि तिच्या घरीही तेच चाललं होतं. माहेरी आली आणि आईपाशी रडून म्हणाली, कुणाच्या तरी नावानं जाऊन करून येऊ का गं? तिला काही माहीत नव्हतं, सहज बोलली. झुंबरबाई मला म्हणाली, "मह्या काळजात चर्र झालं. म्या म्हनलं, नाही. माह्या पोरीनं पदर नाही घ्यायचा तोंडावर." आणि तिनं सगळ्यांना एकत्र बसवून सांगून टाकलं. नवरा, दीर, जाऊ, हर्षल, जावई, सगळे.

चार दिवसांनी एका दुपारी शालिग्राम वावरातून आला, पाणी प्यायला आणि विचारलं, "टाके कच्चे होते तवा म्या तुह्याकून वेचणी करून घेतली का?" ती हाव म्हणाली. तो परत वावरात गेला. रात्री जेवताना त्यानं आपल्या ताटातला शिरा तिच्या ताटात घातला. शिरा त्या दिवशी सुभद्राबाईनं मुद्दाम केला होता म्हणे.

मुलीचं ऑपरेशन जानेवारीत झालं. झुंबरबाई सोबत होती. खिडकीपाशी नाव विचारलं तेव्हा मुलीनं सांगितलं, आणि ही मागून म्हणाली, "जोरानं सांग."

दुसऱ्याच दिवशी दोघी जावा माझ्या ऑफिसात आल्या. पातळं अजून एकाच ताग्यातली घेतात, सासू गेली तरी. झुंबरबाई खुर्चीवर बसली, उंबऱ्याशी नाही, आणि म्हणाली, माझं लिहून घ्यायचं आहे. मी म्हटलं, आता केस करायची आहे का? तर म्हणे केस नाही करायची. तो डॉक्टर कुठे असेल नसेल. पण त्या दिवशी मी गेली होती, सतरंजीवर मी होती, थंडी मला वाजत होती, हे कुठेतरी माझ्या नावानं पाहिजे. सगळीकडे सुभद्राच लिहिलेली आहे. सुभद्राबाई बाजूला बसून मान डोलावत होती, "हाव, तिचं तिले देऊन टाका."

मी कागद ओढला, पेन काढलं, म्हटलं, सांगा.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "तू नको. तुले सगळं माहीत हाये, तू आपल्या मनानं लिहिशील. त्या पुण्याच्या पोरीले बोलाव."

"ती आता फार मोठी वकील झाली आहे," मी म्हटलं. "दिल्लीला असते. ती माझ्याशी बोलत नाही."

"मह्याच पायी ना? मंग माह्यासाठी येईल. त्या दिवशी तिनं मले चूप बसवलं होतं. म्हने, ज्याचं ऑपरेशन झालं त्याले बोलू दे." आणि ती हसली, दीपे, तोंडावर पदर न घेता. "आता तिच्याच समोर बोलतो म्हना. लिवायले बसली का पयलं माहं नाव इचार म्हना तिले."

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते, तुझ्याही आणि माझ्याही. मामी पुऱ्यांचं पीठ मळून तयार आहे. मामा स्टेशनवर येतील, गुडघे दुखतात तरी येतील, बॅग मात्र यावेळी तूच उचल. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव.

ये.

सबीहा